एका गुणाच्या सामन्यानंतर

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन. बोलण्याच्या ओघातील काही पुनरुक्ती काढली आहे.)



पत्रिकेत माझ्या नावासमोर विषय छापलाय, 'शाळेने मला काय दिले'. याचं उत्तर एका वाक्यात संपतं. शाळेनं मला शिट्टी दिली. आठवीत असताना बास्केटबॉलच्या संघासाठी निवड चालली होती. माझी उंची तेव्हाही एवढीच होती, तुम्ही बघताच आहात. पीटीच्या सरांनी मला संघात घेतलं नाही, पण घरीही पाठवलं नाही. टेबलावर बसवलं, हातात दोन रंगांची पेनं दिली आणि म्हणाले, गुण लिही. पुढे तीस-एक वर्षं सरकारी नोकरी केली आणि शनिवार-रविवार बास्केटबॉलचे सामने घेतले. आधी टेबलावर, मग कोर्टवर, आणि आता गुडघे ऐकेनात म्हणून पुन्हा टेबलावर. झालं. विषय संपला.

उरलेल्या वेळात मी आजच्या पंगतीतल्या विषयावर बोलणार आहे. तुमच्यातले निम्मे लोक अजून त्याच विषयावर मनातल्या मनात भांडताहेत, हे मला इथून दिसतंय.

जे सकाळी उशिरा आले त्यांच्यासाठी सांगते. २००० सालापर्यंतच्या बॅच विरुद्ध त्यानंतरच्या बॅच असा सामना झाला. आपल्या वयाचा विचार करून आठ-आठ मिनिटांची चार सत्रं ठेवली होती. ज्येष्ठांनी ४७–४६ असा सामना जिंकला. बारा-एक सेकंद राहिले असताना ज्येष्ठांच्या सात नंबरनं बास्केट केलं आणि एका गुणाची आघाडी घेतली. मग कनिष्ठांचा एक जण चार सेकंद उरलेले असताना डावीकडून आत घुसला, ज्येष्ठांचा अकरा नंबर त्याच्यासमोर उडाला, दोघे हवेत एकमेकांना लागले, चेंडू रिंगला लागून बाहेर आला आणि बझर वाजला. शिट्टी वाजली नाही.

त्यानंतर मसालेभाताबरोबर दीड तास काय चाललं होतं ते सगळ्यांनी ऐकलंय. जिंकलेल्यांची पंगत सात नंबरचं कौतुक करत होती, हरलेल्यांची पंगत रेफरीला नावं ठेवत होती. गंमत म्हणजे जिंकलेलेही रेफरीवर खूश नव्हते. त्यांचं म्हणणं, तिसऱ्या सत्रात आमच्यावर चार फाउल उगाच दिले, नाहीतर सामना एवढा अटीतटीचा झालाच नसता! म्हणजे एकाच मुलीनं एकाच सामन्यात दोन्ही बाजूंवर अन्याय केला.

स्कोअरशीट माझ्याकडे होती. ती घेऊनच आलेय. आधी खेळाडूंचं बघू, मग शिट्टीकडे येते.

कनिष्ठांना आज अठरा फ्री थ्रो मिळाले. त्यातले सात आत गेले. अकरा हुकले. अकरा! समोर कुणी अडवायला नाही, हाताला कुणी धक्का मारत नाही, चार मीटर साठ सेंटिमीटरवरून निवांत उभं राहून टाकायचं. त्या अकरांपैकी दोन गेले असते तर आज गुलाबजाम त्यांना जास्त गोड लागले असते. पण पंगतीत त्या अकरांचा उल्लेख एकदाही ऐकला नाही. ज्या एका शिट्टीनं कदाचित दोन फ्री थ्रो मिळाले असते, त्या न मिळालेल्या दोनांबद्दल दीड तास, आणि मिळून हुकलेल्या अकरांबद्दल चकार शब्द नाही.

एका गुणाच्या सामन्यात प्रत्येक गुण निर्णायक असतो. पहिल्या मिनिटाचाही. दुसऱ्या सत्रात ज्येष्ठांनी एक मोकळा ले-अप बोर्डाच्या वरून पलीकडे घालवला, तोही निर्णायक होता. कुणाचा ते मी सांगणार नाही, ते समोरच बसलेत. पण माणसाची आठवण शेवटच्या मिनिटाला चिकटते. म्हणून सात नंबर हीरो झाला. त्याचे चौदा गुण, शिवाय शेवटचं बास्केट. कौतुक व्हायलाच हवं. पण मला एक जुनी सवय आहे. शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूला कोण केव्हा आत गेलं, केव्हा बाहेर आलं, तेव्हा गुणफलक काय होता, ते मी लिहिते. त्यावरून खेळाडू कोर्टवर असताना संघ किती पुढे सरकला किंवा किती मागे पडला ते काढता येतं. परदेशात याला प्लस-मायनस म्हणतात आणि टीव्हीवर दाखवतात. सात नंबर सव्वीस मिनिटं आत होता, त्या वेळात ज्येष्ठ तीन गुणांनी मागे पडले. अकरा नंबरचे गुण फक्त चार. तो एकोणीस मिनिटं आत होता आणि त्या एकोणीस मिनिटांत ज्येष्ठ तेरा गुणांनी पुढे गेले. तो बाहेर बसला त्या तेरा मिनिटांत बारा गुण गमावले.

आता लगेच अकरा नंबरला खांद्यावर घेऊ नका. एका सामन्याचं प्लस-मायनस फार फसवं असतं. तो आत असताना सोबत कोण होतं, समोरच्यांचे दमलेले गडी कोर्टवर होते का, यावर बरंच अवलंबून असतं. मी आकडा सांगितला तो एवढ्यासाठी की, आकडा ऐकल्यावर तुम्ही आठवून बघाल. तो काय करत होता? कनिष्ठांचा जो मुलगा चेंडू घेऊन वर येत होता, त्याला तो मध्यरेषेपासून चिकटत होता. रिबाउंडला उडी न मारता समोरच्याला पाठीनं बाहेर ठेवत होता, चेंडू दुसऱ्यालाच मिळत होता. स्कोअरशीटमध्ये यासाठी रकानाच नाही. त्यात गुण असतात, फाउल असतात, टाइम-आउट असतात. बाकी सगळं बघणाऱ्याच्या डोळ्यात राहतं, आणि डोळे चेंडूमागे असतात.

हीच गोष्ट मला शिट्टीबद्दल सांगायची आहे. बघणारा चेंडू बघतो. रेफरीला पहिल्या शिबिरापासून शिकवतात की चेंडू बघू नकोस, बचाव करणारा बघ. त्याचे पाय कुठे आहेत, तो सरळ वर उडाला की पुढे झेपावला, हात सरळ वर आहेत की खाली आले. नियमात प्रत्येक खेळाडूभोवती एक काल्पनिक सिलिंडर धरलेला असतो. पुढे तळहातांपर्यंत, मागे पार्श्वभागापर्यंत, बाजूला हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत. त्या सिलिंडरमध्ये तो सरळ वर उडाला आणि आक्रमक त्याच्यावर येऊन आदळला, तर बचाव करणाऱ्याचा फाउल नाही. आवाज मोठा झाला, माणूस पडला, तरी नाही. धक्का लागला म्हणजे फाउल झाला ही आपली समजूत गल्लीतल्या खेळातली आहे.

मग आज फाउल होता की नव्हता? मी टेबलावर होते. अकरा नंबरची पाठ माझ्याकडे होती. मला दोघांच्या मधली फट दिसत नव्हती, म्हणून मी मत देणार नाही. पंगतीत तीन मोबाइलवर तीन व्हिडिओ फिरत होते. एक दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यातून काढलेला, एक कनिष्ठांच्या बाकामागून, एक कुणाच्या तरी मुलीनं झाडाखालून. पहिल्यात वाटतं फाउल नाही. दुसऱ्यात वाटतं शंभर टक्के आहे. तिसऱ्यात मुख्यतः झाड आहे. आणि ती मुलगी, रेफरी, बेसलाइनवर बास्केटच्या खाली, दोघांच्या मधल्या फटीसमोर उभी होती, सात-आठ फुटांवर. तिथेच उभं राहायचं असतं. त्या जागेवरून बघणारी ती एकटीच होती.

हे फक्त आपल्या सिमेंटच्या कोर्टवर होतं असं समजू नका. मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, एप्रिलच्या २७ तारखेला डेट्रॉइटमध्ये एनबीएच्या प्लेऑफचा सामना झाला. न्यूयॉर्क निक्स ९४, डेट्रॉइट पिस्टन्स ९३. शेवटच्या क्षणी डेट्रॉइटच्या टिम हार्डवे ज्युनियरनं कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट टाकला, निक्सचा जॉश हार्ट त्याच्या अंगावर आला, शिट्टी नाही, बझर, सामना संपला. जगातले सर्वांत जास्त पगार घेणारे तीन रेफरी कोर्टवर, चहूबाजूंनी कॅमेरे. सामन्यानंतर मुख्य रेफरी डेव्हिड गथ्री यांनी सांगितलं की, रिप्ले पाहिल्यावर तिथे फाउल द्यायला हवा होता असं दिसतं. म्हणजे तीन फ्री थ्रो मिळाले असते, एक आत गेला असता तरी बरोबरी. पण निकाल बदलला नाही. गुणफलक ९४–९३ च राहिला आणि निक्सनी पुढे ती मालिकाही जिंकली.

एनबीए २०१५ पासून शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल काढते. सामना अटीतटीचा असेल तर शेवटच्या दोन मिनिटांतली प्रत्येक शिट्टी, आणि न वाजलेली शिट्टीसुद्धा, बरोबर होती की चूक, हे दुसऱ्या दिवशी जाहीर करतात. मला ही पद्धत निम्मी आवडते. चूक उघडपणे सांगणं चांगलंच. पण दोनच मिनिटं का? दुसऱ्या सत्रातल्या चुकीचेही तेवढेच गुण होतात. संघटना सांगते, शेवटची चूक भरून काढायला वेळ उरत नाही. ते खरंही आहे. तरी त्या अहवालामुळे लोकांची खात्री पक्की होते की सामना शेवटच्या दोन मिनिटांतच असतो, आणि अकरा फ्री थ्रो पुन्हा विसरले जातात.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्रान्स आणि जपान यांचा पुरुषांचा साखळी सामना झाला, लील शहरात. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी शोधून बघावा. जपानचा यूकी कावामुरा, उंची पाच फूट आठ इंच, समोर सव्वासात फुटांहून उंच वेम्बान्यामा. कावामुरानं २९ गुण केले. त्यांचा मोठा खेळाडू रुई हाचिमुरा चौथ्या सत्रात दोन अनस्पोर्ट्समनलाइक फाउल झाल्यामुळे बाहेर काढला गेला, तरी जपान शेवटच्या सोळा सेकंदांत चार गुणांनी पुढे होता. तेव्हा फ्रान्सच्या स्ट्राझेलनं तीन गुणांचा शॉट टाकला, तो आत गेला आणि कावामुरानं त्याला धक्का दिला म्हणून शिट्टीही वाजली. वरचा एक फ्री थ्रो आत, चार गुण, बरोबरी. जादा वेळेत फ्रान्स ९४–९० असा जिंकला. तो धक्का लागला की नाही, यावर जपानमध्ये किती बोललं गेलं असेल ते तुम्हीच ठरवा. मला एवढंच सांगायचंय की, त्या संध्याकाळी फ्रान्सचे लोकही 'आपण चांगले खेळलो' असं म्हणू शकत नव्हते. निसटता विजय जिंकणाऱ्यालाही पूर्ण पचत नाही.

त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांचा अंतिम सामना, अमेरिका ६७, फ्रान्स ६६. शेवटच्या बझरबरोबर गॅबी विल्यम्सनं बास्केट केलं. संपूर्ण स्टेडियमला क्षणभर वाटलं तीन गुण, बरोबरी झाली. पण तिच्या बुटाचं टोक रेषेवर होतं. दोनच गुण. एका बुटाच्या टोकानं सुवर्णपदक गेलं, तरी त्यावर वाद झाला नाही, कारण रेषा दिसते. रेषेचा वाद पाच सेकंदांत मिटतो. धक्क्याच्या बाबतीत दोन माणसांच्या शरीरांमध्ये काय झालं याचा अंदाज असतो, तो अंदाज रिप्लेनंही पुरता संपत नाही.

यावर मानसशास्त्रात एक जुना अभ्यास आहे. आपल्या वर्गात मानसशास्त्र शिकलेले दोघे-तिघे आहेत, त्यांना माहीत असेल. १९५१ मध्ये अमेरिकेत डार्टमथ आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांचा फुटबॉल सामना झाला, त्यांचा फुटबॉल, आडदांड. प्रिन्स्टनच्या मुख्य खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. हेस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन संशोधकांनी दोन्ही कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि सांगितलं, नियमभंग दिसला की नोंदवा. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथचे जेवढे नियमभंग दिसले, ते डार्टमथच्या मुलांना दिसले त्याच्या दुपटीहून जास्त होते. फिल्म एकच. कुणीही मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. संशोधकांचं म्हणणं असं होतं की, त्यांनी दोन वेगळे सामने पाहिले.

पंगतीतही आज दोन सामने झाले. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाद घालायलाच हवा. मुंबईत नागपाड्याला जा. अब्बास मुन्तसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार ज्या वस्तीनं दिला, तिथे कोर्टाच्या कडेला बसून बास्केटबॉलवर वाद घालणारी म्हातारी माणसं कमी नव्हती. त्यांना प्रत्येक खेळाडूचा डावा हात कसा आहे ते पाठ असे. असे भांडणारे नसतील तर खेळाडू कुणासाठी खेळणार?

पण आज पंगतीत एक वाक्य ऐकलं. बोलणारे वयानं तिच्या वडिलांपेक्षा मोठे. नाव घेत नाही. ते म्हणाले, हिच्या हातात शिट्टी कुणी दिली? आणि आजूबाजूचे हसले.

शिट्टी मी दिली. ती आपल्याच शाळेची आहे, २०२१ ला दहावी झाली. इथे बसलेल्या बहुतेकांपेक्षा तिनं नियमांचं पुस्तक जास्त वेळा वाचलंय, कारण इथे बसलेल्या बहुतेकांनी ते एकदाही वाचलेलं नाही. तिनं जिल्ह्याची रेफरी परीक्षा दिली, पुढच्या महिन्यात राज्याची आहे. आज तिला आपण मानधन म्हणून एका थाळीचे पैसेसुद्धा दिलेले नाहीत. शाळेचं काम म्हणून ती आली. ते वाक्य तिनं ऐकलं. हात धुवायच्या नळापाशी ती माझ्याजवळ आली आणि शिट्टी परत द्यायला लागली. म्हणाली, बाई, परीक्षेला जाऊ का नको?

मला माझे दिवस आठवले. एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात माझ्या दिशेनं चपला आल्या होत्या. एक मापाची होती, ती मी घरी नेली. (हशा) तुम्ही हसलात, मीही आता हसते. त्या रात्री हसले नव्हते. त्या सामन्याचे आयोजक नंतर म्हणाले, मॅडम, लोकांचं मनावर घेऊ नका. लोकांना मात्र कुणीच काही म्हणालं नाही. शाळांच्या सामन्यांच्या प्रत्येक पत्रकावर तळाशी एक ओळ छापलेली असते, 'पंचांचा निर्णय अंतिम राहील'. ती छापून आयोजकांचं काम संपतं. निर्णय अंतिम ठेवायचा तर तो देणाऱ्या माणसाच्या मागे कुणीतरी उभं राहावं लागतं.

आंतरशालेय सामन्यांना रेफरी मिळत नाहीत, हे आपल्या पीटीच्या सरांना विचारा. एकच रेफरी उन्हात सलग चार सामने घेतो, आणि चौथ्या सामन्यात त्याला धक्का दिसत नाही, कारण तो तिथे पोचलेलाच नसतो. मग आपणच म्हणतो, दर्जा घसरला.

आता शेवटचं, आणि हे कामाचं आहे.

१९७२ चं म्युनिक. आपल्यापैकी साठीच्या पुढच्या लोकांना आठवत असेल, रेडिओ-पेपरमध्ये आलं होतं. अमेरिका आणि सोव्हिएत संघ, अंतिम सामना. तोवर अमेरिका ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा एकही सामना हरली नव्हती, ६३ सामने सलग जिंकलेले. तीन सेकंद राहिले असताना डग कॉलिन्सनं दोन फ्री थ्रो मारले, अमेरिका ५०–४९. दुसरा फ्री थ्रो टाकत असतानाच टेबलाचा भोंगा वाजला. सोव्हिएत प्रशिक्षकांचं म्हणणं, आम्ही टाइम-आउट मागितला होता, तो दिला नाही. खेळ सुरू झाला, एक सेकंद उरलेला असताना थांबवला. आंतरराष्ट्रीय महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स खाली आले आणि घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर लावायला सांगितलं. घड्याळ नीट लावून व्हायच्या आतच खेळ सुरू केला, भोंगा वाजला, अमेरिकनांनी नाचायला सुरुवात केली. पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा तीन सेकंद. एदेश्कोनं संपूर्ण कोर्टाच्या लांबीचा पास टाकला, बेलोवनं बास्केटखाली झेलला आणि टाकला. ५१–५०. अपील झालं, पाच जणांच्या समितीत तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल कायम राहिला. सामन्याचे ब्राझीलचे रेफरी रिगेत्तो यांनी स्कोअरशीटवर सही केली नाही. अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदकं घेतली नाहीत, आजतागायत नाहीत. (आणि जाता जाता, त्या सामन्यात अमेरिका उत्तरार्धात दहा गुणांनी मागे होती. त्या दहा गुणांची गोष्ट अमेरिकेत फारशी कुणी सांगत नाही, तीन सेकंदांची सगळे सांगतात.)

पन्नासहून जास्त वर्षं चाललेला हा वाद नीट बघा. त्यात धक्का नाही, फाउल नाही. टाइम-आउट कुणी, कधी मागितला आणि घड्याळ कुणी, कुठे थांबवलं, एवढाच प्रश्न आहे. म्हणजे वाद टेबलाचा आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात टेबल गोंधळलं.

आणि आपलं टेबल? आज सकाळी चोवीस सेकंदांचं घड्याळ म्हणून स्टुलावर एक मोबाइल ठेवला होता, त्याच्यावर मध्येच कुणाच्या तरी सासूबाईंचा फोन आला. ताबा कुणाचा हे दाखवणारा बाण पुठ्ठ्याचा होता, वाऱ्यानं दोनदा फिरला. मी एकटी स्कोअरशीट लिहीत होते आणि वेळही बघत होते. नियमाप्रमाणे टेबलावर चार माणसं लागतात: गुणलेखक, सहायक गुणलेखक, वेळाधिकारी आणि चोवीस सेकंदांचं घड्याळ चालवणारा. आज त्यामुळे काही बिघडलं नाही, शीट दोन्ही कर्णधारांनी तपासून सही केली आहे. पण जुलैमध्ये आपल्याच शाळेत आंतरशालेय सामने आहेत, आणि तिथे खेळणारी मुलं चौदा-पंधरा वर्षांची असतील.

म्हणून माझी मागणी अशी. माजी विद्यार्थी निधीतून या वर्षी सभागृहाच्या पडद्यांऐवजी दोन्ही बास्केटवर बसणारी चोवीस सेकंदांची घड्याळं आणि एक चांगला गुणफलक घ्यावा. पडदे अजून दोन वर्षं चालतील, मी जवळून बघितलेत. नववीतली आठ मुलं-मुली मला द्यावीत. उंची नसलेली चालतील, संघात निवड न झालेली तर आधी द्या. जूनमध्ये रोज संध्याकाळी एक तास, तीन आठवडे, मी त्यांना स्कोअरशीट आणि घड्याळ शिकवते. आणि आजच्या दोन्ही संघांतले चार जण मला सामन्यांच्या दिवशी हवेत. काही करायचं नाही, प्रेक्षकांत बसायचं आणि कुणी रेफरीला वाटेल ते बोललं तर उठून त्याच्याशेजारी जाऊन बसायचं. अकरा नंबर आत्ताच हो म्हणालाय. सात नंबर, तुमची मान हलताना दिसतेय, ती हो म्हणून हलतेय असं मी धरते.

तिची परीक्षा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे, तिला गाडीनं सोडायला मी जाणार आहे. शिट्टी मी परत घेतलेली नाही.

वही चहाच्या टेबलावर ठेवलीय. नाव, बॅच आणि फोन नंबर लिहा. पेन बांधून ठेवलंय, कृपया घेऊन जाऊ नका.